पर्चेसवाले चाचा

कॉम्प्युटर कसा चालू करतात हे ज्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि तरीही ज्यांच्यावाचून आमच्या कारखान्यातला एकही कॉम्प्युटर चालू झाला नसता, असे आमचे पर्चेसवाले चाचा. हिंदुस्थानातल्या सगळ्या खरेदी अधिकाऱ्यांना एका मैदानात उभं करून पहिला नंबर काढायचा म्हटला तर तो चाचांनाच द्यावा लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण एवढीच, की चाचा त्या मैदानात वेळेवर पोचणार नाहीत. क्रांती चौकात त्यांना कुणीतरी ओळखीचं भेटेल आणि त्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी पुरी झाल्याशिवाय त्यांची स्कूटर पुढं सरकणार नाही.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची कंपनी आहे. तिचं नाव कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर लोखंडी टेबलावर जो खोक्यासारखा कॉम्प्युटर बसलेला असतो, तो आम्ही बनवतो. शेतकरी दूध ओततो, मशीन त्यातलं फॅट मोजतं, त्यावरून भाव ठरवतं आणि सर्रकन चिठ्ठी काढून हातात देतं. या मशीनच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक चिप असते. मशीनला जी काही अक्कल आहे ती सगळी तिच्यात. ही चिप परदेशातली एक कंपनी बनवायची आणि तिच्या बंगळूरच्या वितरकाकडून ती आमच्याकडं यायची. मोबाइलवाले आणि मोटारवाले त्या कंपनीकडून डोंगराएवढा माल उचलतात. तिच्या लेखी आम्ही म्हणजे जिऱ्याचा दाणा. असल्या दाण्याला तिथं विचारायला कोण बसलंय? पण विचारत होते, आणि त्याचं कारण चाचा होते.

मी टेस्टिंगला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. गारखेड्याहून दोन रिक्षा बदलून पोचले, तर पर्चेसच्या खोलीत पांढऱ्या दाढीचे, जाड चष्म्याचे एक गृहस्थ फोनवर बोलत होते. "अम्मीका घुटना कैसा हय अब? हौ, हौ. चलने दो थोडं थोडं. और सुनो, तेल लगाव गरम करके." असं दहा मिनिटं चाललं. मला वाटलं घरचा फोन असावा. शेवटी ते म्हणाले, "और हां, वो चीप का रीळ भेज दो मंगलवार तक," आणि फोन ठेवला. तो बंगळूरच्या वितरकाचा फोन होता, आणि रीळ म्हणजे ज्या पट्टीवर चिपा गुंडाळून येतात ते. चाचांच्या सगळ्या खरेदीची पद्धत हीच. नऊ भाग गुडघा आणि एक भाग चिप.

त्यांच्या वडिलांचं शहागंजात सुक्या मेव्याचं दुकान होतं. बदाम हातात घेऊन तो कुठल्या बागेतला हे सांगणारे वडील, आणि त्यांच्या शेजारी गल्ल्यावर बसून वाढलेला हा मुलगा. पुढं दुकान भावाकडं गेलं आणि चाचा आमच्या कंपनीत आले, पण त्यांच्या मते धंदा तोच राहिला. "माल बदलला बेटा, मानूस थोडीच बदलतो," असं ते मला म्हणाले होते. टेबलावर कॉम्प्युटर होता. त्यावर त्यांनी स्वच्छ हिरवा रुमाल घातला होता आणि त्या रुमालावर पानाचा डबा असायचा. ईमेल आली की स्टोअरमधली एक मुलगी ती छापून आणून द्यायची. चाचा ती वाचायचे आणि उत्तर शाईच्या पेनानं, सुरेख वळणदार अक्षरात, निदान तीन पानं लिहायचे. मग त्या पत्राचा फोटो काढून पाठवला जायचा. बंगळूरच्या ऑफिसात म्हणे त्यांची पत्रं वाचायला लोक एका टेबलाभोवती जमत. पहिल्या पानावर पाऊसपाणी, दुसऱ्यावर तब्येती, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा उरली तर, ऑर्डर.

दिवाळीत पुरवठादार खरेदीवाल्यांना भेटी पाठवतात, हा सगळ्या जगाचा रिवाज. चाचांनी तो उलटा करून टाकला. आलेले डबे ते सरळ कॅंटीनला द्यायचे आणि पाठवणाऱ्याला आभाराच्या पत्रासोबत स्वतःच्या पैशानं केशर आंब्याची पेटी पाठवायचे. दिवाळीत आंबा मिळत नाही म्हणून ती मे महिन्यात जायची. गिऱ्हाईकच आपल्याला भेट पाठवतंय म्हटल्यावर पुरवठादार घाबरून जात. एकाला वाटलं, चाचांना भाव पाडून हवाय. त्यानं न मागता भाव उतरवून दिला. चाचांनी त्याला फोन करून झापलं. "अरे, आंबा दिला तर आंबा खा ना! भाव कायकू कमी करतो? उद्या तू बुडाला तर मेरेकू माल कोन देनार?" आणि जुनाच भाव लावायला लावला. आमचे मालक, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, त्या दिवशी जेवले नाहीत.

मोठ्या साहेबांचं आणि चाचांचं नातं हे असं. साहेब हुशार, हिशेबी, मनानं चांगले. पण चाचांच्या टेबलासमोर उभे राहिले की त्यांचा हात आपोआप कपाळाकडं जायचा. सगळ्यात मोठा वाद झाला तो अंदाजावरून. पुढच्या वर्षी किती चिपा लागतील याचा अंदाज चिपवाल्यांना आधी कळवावा लागतो. या धंद्यातली रीत अशी, की शंभर लागणार असतील तर दोनशे लिहायचे, म्हणजे टंचाई आली तरी आपलं भागतं. नको झाले तर ऑर्डर रद्द करायची. चाचा शंभराला शंभरच लिहायचे. बंगळूरचे मॅनेजर स्वतः त्यांना म्हणाले, "चाचा, सगळे दुप्पट लिहितात म्हणून आम्ही निम्मे धरतो. तुम्ही खरं लिहिलंत तर तुम्हाला निम्मेच मिळतील!" चाचा शांतपणे म्हणाले, "एक साल निम्मे द्या. चलेगा." आणि खरंच एक वर्ष निम्मे मिळाले. आमचं काम दोन महिने अडलं, मोठ्या साहेबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र त्यांच्या टेबलावर आलं. पण पुढच्या वर्षीपासून त्या वितरकाच्या यादीत आमच्या कंपनीच्या नावापुढं एक शेरा पडला: "जसा लिहिला तसा." मोटारवाल्यांच्या नावापुढंसुद्धा नव्हता तो शेरा. हे मला बंगळूरच्याच एका माणसानं सांगितलं. मला तेव्हा आमच्या त्या पत्र्याच्या शेडचा इतका अभिमान वाटला, की मी घरी जाऊन आईला सांगितलं. आईला काहीच कळलं नाही, पण तिनं शिरा केला.

एकदा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एक बाई तैवानहून आल्या. कुठल्या गिऱ्हाइकाला किती माल द्यायचा हे ठरवणाऱ्या. त्यांच्या दौऱ्यात आम्ही नव्हतोच. पुण्याहून त्या लेणी बघायला आल्या होत्या. चाचांना हे कळलं, आणि त्यांनी त्यांना लेण्यांच्या वाटेवरून उचलून खुलताबादच्या पलीकडच्या एका गावात नेलं. दुभाषी म्हणून मला बसवलं. दूध केंद्रावर संध्याकाळची रांग होती. मेंढ्या-म्हशी राखणाऱ्या घरातली एक म्हातारी किटली घेऊन उभी होती. चाचांनी तिला विचारलं, "आजी, दूध इथंच का घालता? पलीकडं डेअरी हाय ना जवळ."

म्हातारीनं आधी त्या परदेशी बाईला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मग म्हणाली, "तिथं मानूस सांगतो फॅट किती ते. मला वाचता येत नाय, तर तो लई कमी सांगायचा. हिथं ह्यो डबा सांगतो. त्याला माझी जात ठावं नाय का माझं नाव ठावं नाय. चिठ्ठी नातीला दावते, ती वाचती."

मी हे इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी तेव्हा फार बरं नव्हतं, पण त्या बाई बराच वेळ म्हातारीच्या हातातली चिठ्ठी बघत राहिल्या. मग त्यांनी मशीनकडं बोट करून विचारलं, "आमची चिप यात आहे?" चाचा म्हणाले, "हौ. यातच." बाईंनी मशीनवर हळूच हात ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा. चिप बनवणाऱ्यांनी आपली चिप कुठं जाते हे सहसा बघितलेलं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. परत येताना चाचांनी त्यांना शहागंजात नान-खलिया खायला घातला. बाईंच्या डोळ्यांतून तिखटानं पाणी येत होतं आणि त्या आणखी मागत होत्या.

मग साथ आली, आणि साथीमागून चिपांचा दुष्काळ. सगळ्या जगात एकदम चिपा मिळेनाशा झाल्या. मोठमोठे मोटार कारखाने बंद पडले. आम्हाला माल मिळायची तारीख मिळाली ती वर्षभरानंतरची. ज्या दिवशी आमच्या कपाटातलं शेवटचं रीळ उघडलं, त्याच दिवशी मुंबईचा एक दलाल सूट घालून आला. हव्या तेवढ्या चिपा, आज, आत्ता. भाव मात्र कितीतरी पट. मोठे साहेब तयार झाले. चाचांनी दलालाला चहा दिला, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, आणि बोलता बोलता खिशातून नखांचा रंग काढायची एक गुलाबी बाटली बाहेर काढली. ती त्यांच्या नातीची होती. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन त्यांनी दलालानं आणलेल्या नमुन्यातली एक चिप पुसली. चिपेवरची अक्षरं पुसली गेली आणि खालून दुसरीच अक्षरं वर आली. जुन्या, भंगारातल्या चिपा घासून, वर नवं नाव छापलेलं होतं. "वा भाई," चाचा कौतुकानं म्हणाले, "ये तो मेहंदी हय. रंग उतर गया." दलालानं उरलेला चहा तसाच ठेवला.

महिन्याभरानं बंगळूरहून फोन आला. तैवानच्या त्या बाईंनी आमच्या नावावर माल काढला होता. मागितला त्याच्या तिसराच हिस्सा, पण काढला होता. आणि कारण म्हणून कागदावर पुन्हा तेच लिहिलं होतं, की हे गिऱ्हाईक जेवढं लागतं तेवढंच मागतं. रिळं आली त्या दिवशी आम्ही कारखान्यात पेढे वाटले. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर चाचांना मिठी मारली.

तिसऱ्या दिवशी चाचांनी त्यातली निम्मी रिळं देऊन टाकली.

दुसरी लाट ऐन भरात होती. पुण्याकडं ऑक्सिजनची यंत्रं बनवणारी एक छोटी कंपनी होती, तिला हीच चिप लागायची आणि तिच्याकडं एकही उरली नव्हती. तिथला खरेदीवाला चाचांच्या जुन्या ओळखीतला. तो फोनवर रडला. चाचांनी घेतलेल्या भावात, एक पैसा वर न लावता, रिळं गाडीत घालून पाठवून दिली आणि मग मोठ्या साहेबांना सांगायला गेले. मी माझ्या बोर्डाचा रिपोर्ट घेऊन तिथंच उभी होते.

"ही कंपनी आहे चाचा, धर्मशाळा नाही!" साहेबांचा आवाज शेडभर ऐकू गेला असेल. "निदान मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुमी नाय म्हनले असते," चाचा म्हणाले. "आन तुमी मालक. मंग मेरेकू तुमचं ऐकावं लागलं असतं. म्हनून नाय विचारलं."

"आणि आपली मशीनं? दूध केंद्रवाले माझ्या दारात बसतील."

"साहेब, फॅट जुन्या पद्धतीनं हातानं मोजता येतं. म्हातारी मानसं करायची. पन श्वास हातानं भरता येत नाय."

मग त्यांनी खिशातून राजीनामा काढून टेबलावर ठेवला. तो पाच पानी होता. त्यांना त्याहून लहान लिहिताच येत नसे. साहेबांनी तो हिसकावून घेतला आणि रागानं वाचायला लागले. पहिलं पान साहेबांच्या वडिलांच्या आठवणींचं होतं. दुसऱ्यावर साहेबांच्या आईच्या औषधांच्या वेळा होत्या, आणि त्यातली एक गोळी अलीकडं त्यांना मानवत नाही, तरी डॉक्टरांना विचारावं, अशी सूचना होती. तिसऱ्या पानापर्यंत साहेबांचा हात कपाळाकडं गेला. नोकरी सोडत असल्याचा मजकूर पाचव्या पानावर होता, पण साहेब तिथवर पोचलेच नाहीत. कागद घडी करून त्यांनी खिशात घातले आणि म्हणाले, "जा. पण मशीनचं काय ते तुम्हीच बघा."

चाचा तिथून सरळ माझ्या टेबलाशी आले. "बेटा, यात दुसरी चीप बसल का?"

मी म्हणाले, बसेल, पण सगळा बोर्ड नव्यानं आखावा लागेल, आतली आज्ञावली पुन्हा लिहावी लागेल. मोठ्या कंपन्यांत या कामाला सहा-आठ महिने लागतात, आणि मी तर टेस्टिंगची. "तू करशील," ते म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की मी नाही म्हणायचं विसरून गेले. त्यांनी कुठून कुठून फोन करून एका लहानशा चिप कंपनीचा पत्ता काढला. तिची चिप नवी होती म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं. चाचांनी तिथल्या इंजिनिअरशी अशी काही सोयरीक जुळवली, की तो बिचारा रोज दुपारी मला फोन करून शिकवायचा. सात आठवडे मी काम केलं. चाचा रोज माझ्याजवळ स्टूल टाकून बसायचे आणि मोसंबी सोलून फोडी माझ्या पुढ्यात ठेवायचे. मी वैतागले तर म्हणायचे, "मेरेकू काय कळत नाय बेटा, पन तू बोल. बोलता बोलता तुलाच सापडंल." आणि दोनदा तसंच सापडलं.

पहिलं मशीन तयार झालं तेव्हा तपासायला दूध हवं होतं. कॅंटीनमधून आणलं. मशीननं विचार केला आणि चिठ्ठी काढली. फॅट इतकं कमी, की मी रडायच्या बेताला आले. वाटलं, सगळं चुकलं. चाचांनी चिठ्ठी वाचली, दुधाचं पातेलं उचललं, नाकाशी नेलं आणि कॅंटीनवाल्याला हाक मारली. कॅंटीनवाला दारातूनच परत फिरला. मशीन बरोबर होतं. वर्षानुवर्षं आम्हीच पाणी पीत होतो. त्या दिवशी सगळी शेड हसत होती आणि मोठे साहेब डोळे पुसत होते; हसण्यानं की कशानं, ते मी विचारलं नाही. त्यानंतर मला डिझाइनची खुर्ची मिळाली. आमची मशीनं आज त्याच नव्या चिपेवर चालतात, आणि ती पहिल्यापेक्षा स्वस्त पडतात.

पुण्याकडच्या कंपनीनं पुढं एक फोटो पाठवला. एका तालुक्याच्या दवाखान्यात ओळीनं उभी यंत्रं, आणि एक परिचारिका अंगठा वर करून उभी. मोठ्या साहेबांनी तो मोठा करून आपल्या खोलीत लावलाय. कुणीही पाहुणा आला की ते त्याला फोटोपाशी नेतात आणि म्हणतात, "यातल्या चिपा आम्ही दिल्या होत्या. अशा वेळी नफातोटा बघायचा नसतो." चाचा एकदा शेजारी उभे असताना त्यांनी हे म्हटलं. चाचांनी गंभीरपणे मान डोलावली. "हौ, साहेबांचं दिल लई मोठं," ते म्हणाले, आणि ते अजिबात थट्टा करत नव्हते.

आता चाचा निवृत्त झालेत. शहागंजात भावाच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसलेले असतात. डोळे फार अधू झालेत. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले ते एक नवा बोर्ड पिशवीत घालून. त्यावरची चिप आपल्याच देशात आवरणात बसवून, तपासून आलेली पहिलीच. मी बोर्ड त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटानं चाचपत चिप शोधली आणि म्हणाले, "काय लिहिलंय? वाच." मी वाचलं, मेड इन इंडिया. "फिर से वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांनी समोरच्या अत्तरवाल्याला हाक मारून बोलावलं, त्याच्याकडूनही वाचून घेतलं, आणि मग बराच वेळ बोर्ड मांडीवर घेऊन बसले. चेहऱ्यावर असं काही, की मला दुसरीकडं बघावं लागलं.

"लई मोठं काम झालं बेटा," ते म्हणाले. "कोनाकडनं घेतली? मानूस कसा हाय?"

मी सांगू लागले, आणि माझ्या लक्षात आलं की मला ते माहीतच नाही. ऑर्डर वेबसाइटवरून गेली होती. ईमेलखाली एक नाव असायचं. ते बाईचं की पुरुषाचं, हेही मी कधी नीट वाचलं नव्हतं. "ओळख नाही चाचा," मी म्हणाले. "सगळं कॉम्प्युटरवरच होतं आता."

ते रागावले नाहीत. "अच्छा," एवढंच म्हणाले, आणि भावाला सांगून माझ्यासाठी मूठभर अंजीर मागवले. नंतर आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो. माझ्या आईचं, त्यांच्या नातीच्या कॉलेजचं. निघताना मी त्यांच्या पाया पडले, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तो जरा जास्तच वेळ तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर मी त्या ईमेलखालचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडं एक तरुण मुलगी होती. मी कंपनीचं नाव सांगताच ती घाबरून माफी मागायला लागली. माल उशिरा आला का, खराब निघाला का, बदलून देऊ का. माझी काहीच तक्रार नाही, मी नुसतीच चौकशी करायला फोन केलाय, हे तिला पटवून देण्यातच माझी पंधरा मिनिटं गेली.